एका वेळी एकच बदल

मालवणात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, दशावतारी मंडळांच्या जाहिराती, शाळांचे अहवाल, पतपेढ्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा असं काम वर्षभर चालू असतं. दुकानात दोन संगणक आहेत. एक अलीकडचा. दुसरा २०१० साली कोल्हापूरहून जुळवून आणलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन-दोन जीबीच्या डीडीआर३ रॅमच्या दोन पट्ट्या आणि ३२ बिटची विंडोज ७. हे सगळं लिहितोय ते या दुसऱ्याबद्दल.

हे मशीन मी इतकी वर्षं ठेवलं त्याला कारण आहे. युनिकोड रुळायच्या आधी पेजमेकरमध्ये, जुन्या फाँटांत केलेलं माझं सगळं काम त्यावर आहे. त्या फाँटांच्या लिपी-सॉफ्टवेअरचा डाँगल, म्हणजे ते ज्याच्याशिवाय चालत नाही ती चावी, मागच्या रुंद प्रिंटर पोर्टात बसतो आणि तसा पोर्ट नव्या मशीनला नाही. देवस्थानांची हँडबिलं दर वर्षी जवळपास तीच असतात, तिथी-तारीख आणि मानकऱ्यांची नावं तेवढी बदलतात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावच्या मंडळांचे जुने अहवाल, आता हयात नसलेल्या लेखकांची पुस्तकं त्यात आहेत. त्यातल्या कितीतरी मजकुराची दुसरी प्रत कुणाकडेच नाही. त्यामुळे हे मशीन बिघडायला लागलं तेव्हा ‘भंगारात द्या, नवीन घ्या’ या सल्ल्याने माझा प्रश्न सुटणार नव्हता.

दुखणं सुरू झालं ते पावसाळ्याच्या तोंडावर. पान लावता लावता एकदम निळा पडदा यायचा, इंग्रजी मजकूर क्षणभर दिसायचा आणि मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायचं. कधी दिवसभर काही नाही, कधी तासाभरात दोनदा. मधूनच ‘मेमरी कुड नॉट बी रीड’ अशी चौकट येऊन पेजमेकर बंद पडायचं. एखादी झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा संदेश यायचा आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उघडायची. मला ही खूण सगळ्यांत महत्त्वाची वाटली. डिस्कवरची फाइल खरोखर खराब असती तर दुसऱ्यांदाही उघडली नसती. म्हणजे फाइल शाबूत होती, हाताळताना वाटेत काहीतरी बिघडत होतं.

आणि मग ते हँडबिल. एका दशावतारी मंडळाचं काम होतं. सकाळच्या प्रूफवर संपर्काचा मोबाइल क्रमांक बरोबर होता. मंडळाच्या सेक्रेटरींनी प्रूफ वाचून आणखी एक नाव घालायला सांगितलं. दुपारी नाव घालून पुन्हा प्रिंट काढली, तर त्याच क्रमांकातल्या एका ५ चा ७ झाला होता. त्या ओळीला कुणी हातही लावला नव्हता. सेक्रेटरी निवृत्त शिक्षक, दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा न् आकडा ताडून पाहणारे, म्हणून ते वेळेत लक्षात आलं. मशीन बंद पडलं तर काम पुन्हा करता येतं. पण ते गुपचूप आकडे बदलू लागलं तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? छापायचं काम मी त्या मशीनवर तिथेच थांबवलं.

बाजारात विचारलं तर पहिला सल्ला मिळाला ‘फॉर्मॅट मारा’. व्हायरस असेल, विंडोज खराब झाली असेल, नव्याने टाकली की सुटेल. माझा भाचा पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, फॉर्मॅट अजिबात नको. चेकडिस्क नको, डीफ्रॅग नको. रॅमचा संशय असेल तर ते मशीन डिस्कवर जे काही लिहील ते बिघडवून लिहू शकतं. आधी हार्ड डिस्क बाहेर काढ आणि दुसऱ्या मशीनला लावून कॉपी घे.”

हा सल्ला मी मुद्दाम जसाच्या तसा दिला आहे. आपण घाबरून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे त्याच आजारी मशीनवर पेनड्राइव्ह लावून फाइली भराभर कॉपी करणं. पण कॉपी होताना प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. रॅमच चुकत असेल तर कॉपीही चुकीची होते आणि ते कळतसुद्धा नाही. मी डिस्क काढली, साटा-यूएसबी केबलने नव्या संगणकाला जोडली आणि सगळं काम दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर घेतलं. तिथेच डिस्कची तब्येतही तपासली. स्मार्ट नावाची एक नोंद प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच ठेवत असते. तिच्यात रीअलोकेटेड सेक्टरचा आकडा शून्य होता. डिस्क निर्दोष ठरली आणि संशयितांमधलं एक नाव कमी झालं. काम सुरक्षित झाल्यावर पुढचं सगळं शांत डोक्याने करता आलं.

भाच्याने दुसरी गोष्ट सांगितली ती वहीची. “एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.” मी दोनशे पानी वही घेतली. तारीख, वेळ, कोणतं काम चालू होतं, पडद्यावर कोणता कोड आला, बाहेर पाऊस की ऊन, वीज कमी-जास्त होत होती का, असे रकाने आखले. या सगळ्या खटाटोपात या वहीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

पडद्यावरचा कोड वाचता यावा म्हणून विंडोजच्या सिस्टिम सेटिंगमधलं आपोआप रिस्टार्ट होणं बंद केलं. आता निळा पडदा आला की तो तसाच थांबायचा आणि मला कोड उतरवून घेता यायचा. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. विंडोज प्रत्येक वेळी मिनीडंप नावाची छोटी फाइल मागे ठेवते, तिच्यात कोणत्या फाइलवर संशय आहे तेही लिहिलेलं असतं. तिथेही दर वेळी वेगळं नाव निघायचं. भाच्याच्या मते हीच मोठी खूण होती. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्राम दोषी असेल तर साधारण तेच नाव आणि तोच कोड पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी नाव बदलत असेल तर दोष बहुधा प्रोग्रामांच्या खाली, यंत्राच्या अंगात असतो.

कॅबिनेट उघडलं. किनाऱ्यावरच्या गावात धूळ कोरडी राहत नाही. दमट, खारट हवेत ती चिकट होऊन थर धरते. प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या पात्यांमध्ये तिचा नमदा झाला होता, हवा आत जायला जागाच नव्हती. त्या कूलरला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, मदरबोर्डाच्या भोकांत दाबून बसवायच्या. त्यांतली एक निसटली होती. त्यामुळे कूलर एका बाजूने किंचित उचललेला. बायॉसमध्ये प्रोसेसरचं तापमान काही काम नसताना ७८ अंश दिसत होतं. ब्लोअर मारला, पात्यांमधली धूळ मऊ ब्रशने काढली, जुनी वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली, चारही खुंट्या नीट बसवल्या. तापमान पन्नासच्या खाली आलं. मशीन बंद पडणं कमी झालं, पण थांबलं नाही. वहीत लिहिलं: ‘उष्णता हे एक कारण होतं, एकमेव नव्हे.’ जुन्या मशीनच्या बाबतीत हे आधीच गृहीत धरायला हवं. इतक्या वर्षांत एकच भाग झिजेल असं नसतं.

मग रॅमकडे वळलो. इथे थोडं खोलात जातो, कारण मेमरी एरर म्हणजे काय हे समजल्यावरच त्या ५ च्या ७ चा उलगडा झाला.

आपल्या संगणकातली रॅम ज्या रचनेवर चालते ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट १९६८ सालचं. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. पण हा भार गळून जातो. गळक्या भांड्यातलं पाणी तेवढंच राखायचं तर वरून पुन्हा पुन्हा ओतत राहावं लागतं. रॅमचंही तसंच आहे. साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरला जातो. २ जीबीच्या एका पट्टीत असे सुमारे १७१८ कोटी कप्पे असतात. त्यातला एक जरी भार धरेनासा झाला किंवा सोडेनासा झाला, तरी तिथून जाणारा मजकूर बदलतो. त्या जागी विंडोजची एखादी सूचना असेल तर निळा पडदा येतो, झिप फाइलचा तुकडा असेल तर फाइल खराब वाटते आणि मोबाइल क्रमांक असेल तर नुसता आकडा बदलतो. सर्व्हरमध्ये ईसीसी प्रकारची मेमरी असते, तिच्यात ६४ बिटांमागे आठ जादा बिटं ठेवून एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त करतात. आपल्या घरच्या-दुकानच्या साध्या संगणकात ती सोय नसते. चूक झाली तरी कुणी सांगत नाही.

ही चूक पकडायला मेमटेस्ट८६ प्लस नावाचा मोफत प्रोग्राम आहे. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिला, त्याची ही मुक्तस्रोत शाखा. नव्या संगणकावर तो पेनड्राइव्हवर घेतला, जुनं मशीन त्या पेनड्राइव्हवरून बूट केलं. विंडोज चालूच होत नाही, हार्ड डिस्क लागत नाही, त्यामुळे त्यांच्यावर संशय उरत नाही. प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक जागी ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो आणि ताडून बघतो. फरक आला की लाल ओळ. माझ्या मशीनवर काही मिनिटांतच लाल ओळी सुरू झाल्या, वेगवेगळ्या पत्त्यांवर, भराभर.

मशीन बंद केलं, मेन स्विचमधून पिन काढली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यांच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट तपकिरी छटा होती. समुद्राकाठी हे व्हायचंच. पांढऱ्या मऊ खोडरबरने एकाच दिशेने हलकेच पुसलं, खोडरबराचा भुगा झटकला, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवला, स्लॉटमध्ये हवा मारली आणि पट्ट्या दोन्ही टोकांच्या कड्या ‘टक’ वाजेपर्यंत बसवल्या. पुन्हा मेमटेस्ट लावला. आता विखुरलेल्या लाल ओळी गेल्या होत्या. उरला होता तो एकच पत्ता, फेरीमागून फेरी तोच.

आता पट्टी दोषी की स्लॉट, हे ठरवायचं होतं. पट्ट्यांवर पेन्सिलीने अ आणि ब लिहिलं. अ पहिल्या स्लॉटमध्ये एकटी, मग अ दुसऱ्यात, मग ब पहिल्यात, मग ब दुसऱ्यात. प्रत्येक वेळी मेमटेस्टची पूर्ण फेरी होऊ दिली. वेळ लागतो, दुकान बंद करताना लावून जायचं आणि सकाळी येऊन बघायचं. अ दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ. ब दोन्हीकडे चुकली. स्लॉट सुटले, ब पट्टी सापडली.

तिच्या लाल ओळीत लिहिलेलं होतं: हवं होतं ००००००००, मिळालं ०००००२००. हे आकडे सोळा पाया असलेल्या अंकपद्धतीतले आहेत. त्याचा अर्थ भाच्याने फोनवर कागद-पेन्सिल घ्यायला लावून समजावला. चार बाइटांपैकी एका बाइटमधलं उजवीकडून दुसरं बिट ० लिहिलं तरी १ च वाचलं जात होतं. “आता ५ हा आकडा संगणक कसा ठेवतो ते लिही,” तो म्हणाला. ५ म्हणजे ००११०१०१. ७ म्हणजे ००११०१११. दोघांत फरक एकाच बिटाचा, उजवीकडून दुसऱ्या. कागदावर ते एकाखाली एक लिहून पाहिलं आणि इतके दिवस ज्याला मी मशीनचा लहरीपणा समजत होतो त्याचा हिशेब समोर मांडला गेला. सतराशे कोटी कप्प्यांमधला एक बिघडला तर छापलेल्या हँडबिलावरून चुकीच्या माणसाचा फोन वाजू शकतो.

ब पट्टी काढून टाकली. तिच्या जागी नवी घ्यायला गेलो तर दुकानदाराने ४ जीबीची डीडीआर३ पट्टी दिली, एकाच बाजूला आठ चिप असलेली. ती लावली तर पडदा काळाच, नुसती लांब बीप. पट्टी चांगली होती, नव्या बोर्डवर चालली. पण जी४१ चिपसेटला इतक्या दाट क्षमतेच्या चिप ओळखता येत नाहीत. त्याला दोन्ही बाजूंना चिप असलेली, कमी क्षमतेच्या जादा चिपची पट्टी लागते. शिवाय ३२ बिटची विंडोज ४ जीबीच्या पुढची मेमरी वापरूच शकत नाही, तिला त्यातलीही सव्वातीनच्या आसपासच दिसते. म्हणजे मोठी पट्टी घेऊन फायदाही नव्हता. जुने सुटे भाग विकणाऱ्याकडे दोन्ही बाजूंना चिप असलेली २ जीबीची वापरलेली पट्टी मिळाली. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात, लांबीही सारखीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि विद्युतदाबही वेगळा, डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५. त्यामुळे जुनी पट्टी नमुन्याला बरोबर नेलेली बरी. बसवली, रात्रभर मेमटेस्ट चालवला. सकाळी एकही लाल ओळ नाही.

तरीही काही दिवसांनी संध्याकाळी निळा पडदा आला, कोड पुन्हा ‘मेमरी मॅनेजमेंट’. इथे वही कामाला आली. मागच्या नोंदी चाळल्या तर पट्टी बदलल्यानंतरच्या सगळ्या घटना संध्याकाळच्या होत्या आणि बहुतेक वेळी शेजारचा लेझर प्रिंटर नुकताच चालू केलेला. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजून पक्की करणारा हीटर असतो, तो तापताना एकदम मोठा करंट ओढतो. ट्यूबलाइटही क्षणभर मंदावायची. संध्याकाळी गावातला दाब आधीच उतरलेला असतो.

कणकवलीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत, वयाने माझ्याहून मोठे. त्यांना विनंती केली, ते मल्टिमीटर घेऊन आले. हार्ड डिस्कला जाणाऱ्या मोकळ्या जोडणीत त्यांनी काळ्या आणि पिवळ्या वायरीवर मीटर लावला. तिथे १२ व्होल्ट यायला हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे ११.४ पर्यंत. मशीन शांत असताना ११.६. प्रोसेसरवर ताण देणारा प्रोग्राम लावून प्रिंटर चालू केला तर ११.२ पर्यंत घसरला. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, थकला होता.

मग त्यांनी टॉर्च घेऊन मदरबोर्ड न्याहाळला आणि रॅमच्या स्लॉटशेजारी बोट ठेवलं. “भाऊ, ह्यो बघा, फुगलो. रॅमचो दोष नाय आता, हेचो दोष.” तिथे नळकांड्यासारखे तीन कपॅसिटर ओळीने उभे होते. दोघांची टोपणं सपाट, मधल्याचं घुमटासारखं वर आलेलं, खाचेतून तपकिरी पापुद्रा बाहेर आलेला. ती खाच मुद्दामच असते, आतला दाब वाढला तर कपॅसिटर फुटण्याआधी तिथून वाट मिळावी म्हणून. हे कपॅसिटर रॅमला जाणारा विद्युतदाब स्थिर ठेवतात. ते निकामी झाले की ताण येताच दाब डळमळतो आणि पूर्ण निरोगी रॅमसुद्धा चुकीचं वाचते. २००० नंतरच्या काही वर्षांत आतल्या द्रावातच खोट असलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत गेले आणि ते बोर्ड अवेळी गेले. माझा बोर्ड त्यानंतरचा, पण चांगला कपॅसिटरही उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, असा त्यांच्या धंद्यातला ठोकताळा आहे. धुळीने कोंडलेल्या कॅबिनेटने तो खरा करून दाखवला होता.

मेस्त्रींनी बोर्ड घरी नेला, तिन्ही कपॅसिटर काढून त्याच क्षमतेचे, १०५ अंशांचे, कमी अंतर्गत रोध असलेले बसवले. दिसायला चांगले असलेले दोघेही बदलले, कारण तिघांनी ताण सारखाच सोसला होता. एसएमपीएस मात्र उघडला नाही, सरळ नवा घेतला. तो त्यांचा आग्रह होता आणि मी तो इथे पुढे पोचवतो. पिन काढल्यावरही एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही वेळ साठून असतो. घरच्या माणसाने तो डबा उघडू नये.

जाता जाता त्यांनी न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. तो जितका नगण्य असायला हवा तितका नव्हता. आमच्याकडची जमीन जांभ्या दगडाची, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. त्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं. लेझर प्रिंटर संगणकाच्या एक्स्टेन्शन बोर्डवरून काढून वेगळ्या पॉइंटवर घेतला. बोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेलही बदलला, मशीनची तारीख अधूनमधून मागे जायची ती त्यामुळे थांबली. हेही एकेक करून, प्रत्येक बदलानंतर काही दिवस थांबून आणि वहीत टिपून.

आता ते मशीन पूर्ण पावसाळा काढून पुढे चालू आहे. निळा पडदा आलेला नाही. मेमटेस्ट मी अधूनमधून रात्री लावतो, स्वच्छ निघतो. इंटरनेट मात्र त्याला जोडलेलं नाही. विंडोज ७ चं सुरक्षा समर्थन १४ जानेवारी २०२० ला संपलं, त्यामुळे तसं मशीन नेटवर ठेवणं बरं नव्हे. त्याचं काम आता एकच: जुनी पानं उघडायची, पीडीएफ करायची आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून नव्या संगणकावर न्यायचा. स्मरणिका आणि जुने अहवाल पूर्ण झाले, पुस्तकं चालू आहेत. युनिकोड झालेलं प्रत्येक पान जुन्या छापील प्रतीशी ताडूनच मी पुढे जातो.

पडद्यावर मेमरीचं नाव आलं म्हणजे दोष रॅमचाच, असं नसतं. माझ्या मशीनमध्ये तोच संदेश धुळीने, मळलेल्या कडांनी, खराब पट्टीने, फुगलेल्या कपॅसिटरने आणि थकलेल्या एसएमपीएसने मिळून आणला होता. एकदम सगळं बदललं असतं तर पैसेही जास्त गेले असते आणि कारणही कळलं नसतं. सरसकट फॉर्मॅट मारला असता तर दोष तसाच राहून काम तेवढं गेलं असतं.

तुमच्या घरी, शाळेत, पतपेढीत, वाचनालयात असं जुनं मशीन असेल आणि ते मध्येच बंद पडत असेल, तर टाकून देण्याआधी एवढं करा. प्रथम डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून सगळं काम दोन ठिकाणी ठेवा. धूळ काढा, रॅमच्या कडा पुसा, रात्रभर मेमटेस्ट चालवा, टॉर्च घेऊन कपॅसिटरांची टोपणं बघा, एसएमपीएसचा दाब जाणकाराकडून मोजून घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसे लागत नाहीत. आणि एवढं करूनही मशीन वाचलं नाही, तरी त्यातला मजकूर तोवर सुरक्षित झालेला असेल.